डोमाकाकाचा मुद्देमाल

डोमाकाका काती बांधायला बसला की भोवतीचा गलका आपोआप खाली यायचा. काती म्हणजे बोटाएवढं वाकडं, धारदार पातं. झुंजीच्या कोंबड्याच्या पायाला ते बांधतात आणि मग दोन उड्यांत, फार तर चार उड्यांत, एक कोंबडा आडवा होतो. काका कोंबडा मांडीवर घ्यायचा, डावा तळवा त्याच्या डोळ्यांवर ठेवायचा आणि पोरीची वेणी घालताना आया जसं पुटपुटतात तसं काहीतरी पुटपुटत उजव्या हातानं दोरा फिरवायचा. दोरा जाळ्याचा. आमचा सगळा मोहल्लाच मासेमार ढिवरांचा, तलावाच्या पाळीखालचा, म्हणजे बांधाखालचा. जाळं विणणं आणि सांधणं घरोघरी. पण काकाची शेवटची गाठ त्याची एकट्याची होती. तिचं एक टोक तो बोटभर बाहेर ठेवी. कोंबडा कितीही उडाला तरी ती गाठ हलत नसे, आणि ते टोक ओढलं की एका ओढीत सुटे.

"बांधता तं कोनालेई येते," तो म्हणायचा. "सोडता येते का ते पाह्य."

दोन्ही कोंबड्यांना काती बांधून झाली की काका उठायचा, रिंगणाकडे पाठ करून पाळीवर बसायचा आणि तलावाकडे बघत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायचा. मागं आरडाओरडा, शिव्या, टाळ्या. तो मान वळवत नसे. सारं शांत झालं की जायचा, जिवंत कोंबड्याच्या पायाची गाठ ओढायचा, पातं पुसून फडक्यात गुंडाळायचा. उभ्या आयुष्यात त्यानं एकही झुंज पाहिली नाही. लहानपणी मला याचं फार कौतुक होतं. नंतर तीच गोष्ट मला टोचायला लागली. न पाहिल्यानं माणूस मोकळा होतो का, हा प्रश्न मी त्याला कधी विचारला नाही. काका जाऊन आता दोन पावसाळे झाले, तरी तो प्रश्न माझ्यापाशीच आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मेलेल्या कोंबड्याची एक तंगडी बांधणाऱ्याच्या हक्काची असे. काका मासे रोज खायचा, कोंबडा खात नसे. बायको मागंच वारलेली, पोरंबाळं नव्हती. ती तंगडी पळसाच्या पानात गुंडाळून तो आमच्या दारात ठेवायचा आणि आईला हाक न मारताच निघून जायचा. माझे बाबा लवकर गेले होते. आई धानाच्या रोवण्याला, कापणीला जायची. आमच्या घरात इतवारी जो रस्सा शिजे तो त्या तंगडीचा. मी आमच्या मोहल्ल्यातली पहिली पदवीधर. हे मी कुठंही ताठ मानेनं सांगते. त्या पदवीत त्या तंगड्यांचाही वाटा आहे, तेही सांगते. निकाल लागला तेव्हापासून काका मला नावानं हाक मारीनासा झाला. "ए बी.ए.!" एवढंच.

त्याच्या सरळपणाचा एक किस्सा आमच्याकडे अजून सांगतात. नीलकंठ पाटील म्हणून गावचा मोठा शेतकरी, कोंबड्यांचा शौकीन. एका मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेला, सानगडीकडचा नावाजलेला कोंबडा आला. नीलकंठ डोमाकाकाच्या कानाशी लागला, "डोमाजी, त्याची जराशी ढिली ठेव ना गा. कोनाले समजते?"

काकानं नुकत्याच बांधलेल्या दोन्ही गाठी ओढून सोडल्या, दोन्ही पाती नीलकंठच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, "मंग तूच बांध. ढिली बांध, घट बांध, तुही मर्जी."

आता शंभर माणसांसमोर मागं कसं हटायचं? नीलकंठ बसला बांधायला. कोंबड्यानं एक झटका दिला आणि नीलकंठचा अंगठा पेरापर्यंत फाटला. काकानंच हळद भरून, त्याच जाळ्याच्या दोऱ्यानं तो अंगठा बांधून दिला. "आता सांग, घट पायजे का ढिली?" माणसं पोट धरून हसली. नीलकंठ हसला नाही.

मी बी.ए. होऊन घरी आले त्या हिवाळ्यात बचत गटाच्या बायांनी गावातला कोंबडबाजार बंद करायचं मनावर घेतलं. कायद्यानं तो बंदच होता, पण कायदा लांब होता. ठराव ग्रामसभेत हवा होता आणि तो लिहायला माणूस हवा होता. तो मी लिहिला.

शाळेच्या पडवीत सभा भरली. नीलकंठ उभा राहिला. "बैलाच्या शर्यतीचा पट बंद केला होता, तो तं पुन्हा चालू झाला. मंग कोंबड्यानंच कोनाचं घोडं मारलं?"

"मंडईले पावने येते," एक म्हातारबा म्हणाला. "त्यायले का दाखवाचं? मोबाइल?"

"पावन्यायले घर दाखवा!" बचत गटाची अध्यक्ष अनुसयामामी कडाडली. "इतवारी घरी रायते कोन? अन् मले कोंबड्याची कीव आली असं समजू नोका. मी सोताच्या हातानं कापते. कोंबडा मरते त्याचं नाई, तिकडून माणूस कसा येते त्याचं सांगून राहिले मी."

खरं सांगायचं तर त्या सभेत कोंबड्याच्या बाजूनं कोणीच बोलत नव्हतं. कुणाला मंडईची पडली होती, कुणाला नवऱ्याची. मी माझा ठराव वाचला. झुंज लावणारे, पैज लावणारे आणि जागा देणारे यांच्यावर कारवाई व्हावी, असं मी लिहिलं होतं. वाचून झाल्यावर मागच्या रांगेतून काकाचा आवाज आला.

"बी.ए., बांधनारा कुठी गेला?"

मी कागदाची घडी घालायला लागले.

"विसरली का?"

"नाही, काका."

"मंग मुद्दाम सोडलं." तो उठून पुढं आला. "मले सोडू नोको. कोंबडे तं अंगनातबी भांडते, दमले की सोडते. जीव जाते तो कातीनं. अन् काती मी बांधतो. लिव."

मी लिहिलं. सगळ्यात पहिला अंगठा त्यानं उमटवला. नीलकंठ मागून म्हणाला, "डोमाजी, तंगडीचा हक्क गेला ना गा तुहा!"

"तंगडी मी कवा खाल्ली?" काका म्हणाला. माझ्या शेजारी आईनं मान खाली घातली.

तो हिवाळा गाव शांत होतं. काकाची बोटं तेवढी शांत नव्हती. खाटेच्या पायाला, छत्रीच्या दांड्याला, किटलीच्या कानाला तो दोरा गुंडाळायचा, गाठ मारायचा, ओढायचा, पुन्हा मारायचा. माझ्या आईशी बोलताना त्यानं एकदा तिच्या सुपाला दहा ठिकाणी दोरा बांधला आणि सोडला. सूप हातात घेऊन आई म्हणाली, "भाऊजी, यात तांदूळ पाखडाचे हाये मले."

पुढच्या वर्षी बाजार पुन्हा भरला. गावात नाही, नाल्यापलीकडे, जंगलाच्या कडेला. तीन इतवार काका गेला नाही. चौथ्या इतवारी गेला. मला ते कळलं तेव्हा माझ्या अंगाची आग झाली. पहिला अंगठा याचा आणि हाच गेला? पण तोवर छापाही पडून गेला होता.

झालं असं. पोलिसांच्या मोटरसायकली पाळीवरून येताना दिसल्या आणि माणसं पांगली. कोणी शेताच्या धुऱ्यावरून पळालं, कोणी जंगलात शिरलं. चपला, सायकली, टोप्या जागेवर. नीलकंठ आपला तांबडा कोंबडा तिथंच टाकून पळाला. मोकळ्या जागेत एकटा डोमाकाका, मांडीवर तो कोंबडा, पायाला काती. काका गाठ सोडत होता. कोंबडा बिथरलेला, फडफडणारा, टोक पिसांत अडकलेलं.

हवालदार समोर येऊन उभा राहिला. "काय रे, तू नाही पळाला?"

"एक गाठ राह्यली, साहेब. थांबा जरा. असाच सोडला तं सोताचाच पाय कापून घेईन."

आणि हवालदार थांबला. हे त्यानं स्वतःच मला नंतर सांगितलं. गाठ सुटली, काकानं पातं पुसलं, फडक्यात गुंडाळून त्याच्या हातात दिलं आणि म्हणाला, "घ्या. आता चला कुठी चालाचं ते."

मुद्देमाल म्हणून जप्त झालं ते एवढंच: एक काती आणि एक तांबडा कोंबडा, शेपूट काळी. नीलकंठनं सांगितलं, कोंबडा माझा नाही. आता तो ठेवायचा कुठं? आधीच्या एका छाप्यात धरलेले दोन कोंबडे ठाण्याच्या आवारातच दावं तोडून एकमेकांशी लढले होते आणि दोन्ही मेले होते. साहेब लोकांना तो प्रकार पुन्हा नको होता. म्हणून हवालदार एखादा लिहितावाचता, बिनगुन्ह्याचा माणूस शोधत मोहल्ल्यात आला आणि सुपूर्दनामा माझ्यापुढं ठेवला. कोर्ट मागेल तेव्हा कोंबडा जिवंत हजर करीन, नाहीतर कारवाईस पात्र राहीन. मी शिक्षिकेच्या नोकरीसाठी अर्ज केलेले होते. पोलिसांकडून चारित्र्याची पडताळणी व्हायची होती. सही करण्याआधी तो कागद मी दोनदा वाचला.

मी काकाशी बोलत नव्हते. जामिनावर सुटून तो दारात आला, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"काहून गेला होता?" मी विचारलं.

"तिकडं वाकडी बांधून राहिले होते, बाई. एका कोंबड्यानं सोताचीच तंगडी कापली. लंगडत लंगडत मेला म्हने."

"मग बांधूच नका म्हणायचं होतं त्यांना."

"जानाऱ्यायले वाटेत अडवून तीन इतवार तेच सांगून राहिलो. आयकते कोन?" मग तो म्हणाला, "माहं चुकलंच. पन तुही सही खोटी पडू देनार नाई मी."

आणि त्या दिवसापासून, जन्मभर कोंबड्यांच्या पायाला मरण बांधलेल्या माणसाला एक कोंबडा जिवंत ठेवायचं काम लागलं.

कोंबड्याचं नाव आपोआप मुद्देमाल पडलं. त्याला जिवंत ठेवणं सोपं नव्हतं, कारण त्याला स्वतःला तशी काही इच्छा दिसत नव्हती. गल्लीतल्या प्रत्येक कोंबड्यावर तो तुटून पडे. आईच्या घासलेल्या परातीत त्याला दुसरा कोंबडा दिसला आणि परातीवर चोच मारून मारून त्यानं तोंड रक्ताळून घेतलं. मग काकानं त्याच्या पायाच्या नख्या कानशीनं बोथट केल्या आणि जाळ्याच्या लांब दोऱ्यानं त्याला आपल्या ओसरीच्या खांबाला बांधलं. येणारा-जाणारा जो तो विचारी, "काय गा डोमाजी, मुद्देमाल शिजला का?"

"कोर्टाले विचारून सांगतो."

एका पावसाळ्यात कोंबड्यांवर मानमोडीची साथ आली. मोहल्ल्यातल्या कोंबड्या एकेक करून माना टाकायला लागल्या. काकानं मुद्देमाल टोपलीखाली घातला, टोपली डोंग्यात ठेवली, तो वल्हवला आणि तलावापलीकडच्या पाळीवर मासे राखायच्या झोपडीत जाऊन राहिला. तीन आठवडे तो गावात पाय ठेवत नव्हता. माणसांच्या पायानं रोग येतो म्हणे. आई भाताचा डबा अलीकडच्या काठावर ठेवून यायची. पाऊस, चिखल, डास. वयही साठीच्या पुढं. मी एकदा काठावरून ओरडले, "काका, मेला तर मेला! लिहून देऊ रोगानं मेला म्हणून!"

पाण्यावरून त्याचा आवाज आला. "जिता हजर करीन असं लिवलं हाये ना तू?"

मोहल्ल्यात त्या वर्षी एवढा एकच कोंबडा वाचला.

तारखांवर तारखा पडत गेल्या. मला नोकरी लागली, मी दुसऱ्या तालुक्याला गेले. कोर्टानं कोंबडा आणायला सांगितलंच नव्हतं, तरी दर तारखेला काका टोपलीत त्याला घेऊन जायचा. एका तारखेला मीही बसमध्ये सोबत होते. कंडक्टरनं टोपलीवर बोट ठेवलं.

"याचं तिकीट लागते, बुढेबाबा."

"सरकारी हाये, साहेब."

"कोंबडा? सरकारी?"

काकानं बंडीच्या खिशातून सुपूर्दनाम्याची घडी काढून दिली. कंडक्टरनं ती शेवटपर्यंत वाचली, घडी नीट घालून परत दिली आणि पुढच्या सीटवरच्या माणसाला म्हणाला, "सरका जरा. टोपली ठेवू द्या."

शेवटी निकालाचा दिवस आला. वकिलानं पढवलं होतं, नाही म्हणायचं. न्यायाधीश मॅडमनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का?

"पकडलं तवा मी सोडून राहिलो होतो, मॅडम," काका म्हणाला. "पन बांधलीबी मीच होती."

"म्हणजे कबूल?"

"दोन्ही लिवा."

वकिलानं कपाळाला हात लावला. मॅडम बराच वेळ कागद चाळत होत्या. मग शिक्षा सांगितली: कोर्ट उठेपर्यंत कोर्टातच बसून राहायचं. काका मागच्या बाकावर बसला, हात मांडीवर, ताठ. व्हरांड्यात टोपलीपाशी मी. दुपारी भर कामकाजात मुद्देमालानं बांग दिली आणि पट्टेवाला धावत बाहेर आला. मी दारातून आत पाहिलं. सगळे हसत होते. काका हसत नव्हता. त्याची बोटं धोतराच्या सुटलेल्या दोऱ्याला गाठ मारत होती.

काती नष्ट करावी, कोंबडा सुपूर्ददाराकडेच कायम ठेवावा, असा हुकूम झाला. म्हणजे कागदोपत्री कोंबडा माझा. हे गावात कळलं तसा आठवडाभरात, मी सुट्टीवर घरी असतानाच, नीलकंठ आला. "डोमाजी, आता झाली ना केस? दे मंग माहा कोंबडा. वाण चांगला हाये."

"तिचा हाये. तिले मांग," काकानं माझ्याकडे बोट केलं.

मी म्हणाले, "घेऊन जा, पाटील. फक्त आधी ठाण्यात जाऊन लिहून द्या, त्या दिवशी हा कोंबडा माझा होता म्हणून."

नीलकंठ अंगठ्यावरच्या जुन्या वणावर बोट फिरवत आल्या वाटेनं परत गेला.

मुद्देमाल त्यानंतर दीड वर्ष जगला. तुरा काळवंडला, एक डोळा गेला, आवाज बसला. कोंबड्या त्याच्या पुढ्यातले दाणे टिपून न्यायच्या आणि तो काही करत नसे. लढाऊ कोंबडा म्हातारा होऊन मरताना आमच्या गावात तोवर कोणी पाहिला नव्हता. एका सकाळी तो खांबाशी बसल्या बसल्या गेला. काकानं त्याला पाळीखाली पुरलं. लोक म्हणाले, डोमाजी बिघडला.

मी काकाला शेवटचं पाहिलं ते त्याच वर्षीच्या मंडईला. दुपारची वेळ. शाळेच्या आवारात नाटकाचा मांडव उभा राहत होता, भोंगा सुरू झाला होता. मी परतीच्या बसला निघाले होते, बॅग घेऊन काकाच्या ओसरीशी थांबले. दोन जवान कोंबडे, मुद्देमालाचीच पिल्लं, अंगणात एकमेकांसमोर माना फुगवून उभे होते. उडाले, भिडले, पुन्हा उडाले. काका त्यांच्याकडे तोंड करून बसला होता. तो पाहत होता. मी त्याला असं पाहताना कधीच पाहिलं नव्हतं. थोड्या वेळात एक कोंबडा वळला आणि कुडाच्या आडोशाला गेला. दुसऱ्यानं पंख झटकले आणि माती उकरायला लागला.

"झालं," काका म्हणाला. "एवढंच रायते ते."

तेवढ्यात नाल्यापलीकडून गलका आला. बाजार बंद झाला नव्हता. होणारही नव्हता, हे त्यालाही माहीत होतं आणि ठराव लिहिणाऱ्या मलाही. पायवाटेनं कुणीतरी सायकलवरून ओरडत गेलं, "डोमाजी, येतोस का गा? आज बांधता येनारा कोनीच नाई तिथी!"

काका उठला. मी बॅग खाली ठेवली. पण तो अंगणात उतरला नाही. खांबापाशी मुद्देमालाचा लांब दोरा अजून तसाच बांधलेला होता. काकानं त्याचं मोकळं टोक घेतलं, खाली बसला आणि आपल्याच घोट्याला दोन वेढे देऊन गाठ मारली. तीच, बोटभर टोक बाहेर ठेवलेली.

"काका, हे काय?"

"आज मुद्देमाल मी," तो म्हणाला. हसायचा प्रयत्न केला, जमलं नाही. "जा तू. बस सुटन तुही."

"तुम्ही नाही ना जाणार?"

"वाकडी बांधून राहिले असतीन, बाई," तो म्हणाला.

बसथांबा पाळीच्या टोकाला आहे, तिथून त्याची ओसरी दिसते. मी उभी राहून पाहत होते. पलीकडून गलका पुन्हा उठला. जन्मभर त्या आवाजाकडे पाठ करून बसलेला माणूस नाल्याकडे तोंड करून बसला होता. तिसऱ्यांदा गलका उठला तेव्हा त्याचा बांधलेला पाय पुढं सरकला आणि दोरा ताणला गेला. गाठीचं टोक त्याच्या चिमटीत होतं. बस येईपर्यंत त्यानं ते ओढलं नाही, आणि सोडलंही नाही.